एअरजेटचा नवीन वेफ्ट फीलर: खोटे स्टॉप खरंच कमी होतात का

आधीच सांगून टाकतो, फीलर, म्हणजे हवेच्या झोताने वेफ्ट (आडवा धागा) फेकणाऱ्या एअरजेट लूमवर तो धागा पलीकडे पोचला का नाही हे बघणारा सेन्सर, चांगला आहे, ज्याच्या लूमवर रोज विनाकारण वेफ्ट स्टॉप येतात त्याने जरूर घ्यावा. पण बहुतेक जण ज्या गोष्टीवर भाळून घेतात, म्हणजे "किती बारीक धागा पकडतो", तिच्यावर जाऊ नका. बारीक धागा जुन्या फीलरला पण दिसायचा, काच पुसलेली असली की. खरा प्रश्न हा आहे की फीलर जे सांगतो त्याच्यावर विणकराचा विश्वास बसतो का नाही, कारण तो विश्वास उडाला की कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला आंधळा करून ठेवतो आणि मग तो लूमवर असून नसल्यासारखा. या फीलरने तो विश्वास परत आणला, हे माझं मुख्य मत. बाकी तक्रारी आहेत, त्या पण लिहितो.

कंपनीचं नाव टाकत नाही. याच पद्धतीचे फीलर बरेच जण बनवतात, जुन्या लूमवर रीट्रोफिट म्हणून बसतात, आणि खाली जे लिहिलंय ते कुठलाही घेतलात तरी तपासायचंच आहे. आमच्याकडे आलेला सेट असा: एच१ आणि एच२ अशी दोन डोकी, दोन्ही इन्फ्रारेडवर चालणारी, म्हणजे आतून प्रकाश सोडायचा आणि धाग्यावरून परत आला तर धागा आहे असं समजायचं. मध्ये एक छोटा डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर बॉक्स ज्याच्यावर सिग्नलचा आकडा दिसतो, आणि तिथून लूमच्या कंट्रोलला जाणारी वायर. जुन्या सेटला फक्त एक लाल दिवा होता आणि गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, फिरवायला बारका स्क्रू, तेवढंच.

ज्यांनी धोट्याचे लूम चालवलेत त्यांना वेफ्ट फोर्क माहिती असेलच. लँकेशायर लूम १८४२ चा, आणि त्याचा तो काटा अजूनही जुन्या मागांवर दिसतो, धागा असला तर काटा ढकलला जातो, नसला तर हातोडी अडकते आणि माग उभा राहतो. बाजूचा फोर्क असेल तर तो दोन पिकमध्ये (पिक म्हणजे एकदा टाकलेला आडवा धागा) एकदाच बघतो, पण त्या स्पीडला चालून जायचं. एअरजेटवर तसं काही शक्यच नाही. हिशोब करून बघा. ८०० आरपीएमला एक फेरा ७५ मिलिसेकंदांचा. त्यात, फेऱ्याचे ३६० डिग्री धरले तर, धागा साधारण ८० डिग्रीला निघतो आणि २३० च्या आसपास पलीकडे पोचतो, म्हणजे १५० डिग्री, म्हणजे साधारण ३१ मिलिसेकंद. एवढ्यात १९० सेंटीमीटर रुंदी पार करायची तर सरासरी वेग सेकंदाला ६० मीटर, ताशी २०० किलोमीटरच्या वर. धागा पोचल्यावर शेड, म्हणजे उभ्या धाग्यांमधली वाट, बंद व्हायच्या आत फीलरला बघायला ६० डिग्री मिळाले तरी ते साडेबारा मिलिसेकंद झाले. तेवढ्यात "आला" किंवा "नाही आला" हे ठरवायचं, आणि तेही स्लेबरोबर (धागा ठोकणाऱ्या हलत्या चौकटीबरोबर) मागेपुढे हलत, समोर रीडच्या (फणीच्या) चकचकीत पात्या, आजूबाजूला उडणारी रुई. हे सगळं डोक्यात ठेवलं की मग फीलरवर चिडायच्या आधी माणूस दोन मिनिटं थांबतो.

एच१ बसतो कापडाच्या उजव्या कडेला, जिथे धागा पोचायला हवा तिथे. एच२ त्याच्या पुढे, थोडा लांब, जिथे धागा पोचायलाच नको. म्हणजे प्रत्येक पिकला एच१ ने "हो" म्हणायचं आणि एच२ ने "नाही" म्हणायचं, एवढंच सगळं लॉजिक. एच१ ने नाही म्हटलं तर पिक शॉर्ट आहे, टोक वाकलंय, वार्पच्या (उभ्या) ढिल्या धाग्यात अडकलंय, किंवा निघालाच नाही. एच२ ने हो म्हटलं तर दोन शक्यता, एक तर ड्रमच्या (धागा मोजून सोडणाऱ्या फीडरच्या) पिनने वेढा जास्त सोडला आणि पिक लांब आला, किंवा धागा उडताना मध्येच तुटला आणि तुटलेला तुकडा हवेबरोबर पुढे निघून गेला. हा दुसरा प्रकार फार फसवा, कारण तुकडा एच१ समोरून जाताना एच१ ला वाटतं धागा आला, सगळं ठीक आहे, आणि कापडात मात्र अर्धा पिक गायब. म्हणून एच२. बरेच जण एच२ ला दुय्यम समजतात, काही ठिकाणी तर तो वायर काढूनच ठेवलेला बघितलाय, हे अजिबात करू नका.

आता मुद्द्यावर येतो. खोटा स्टॉप म्हणजे काय, तर धागा व्यवस्थित आलेला असताना फीलरने आला नाही म्हणून लूम थांबवणं. वरवर वाटतं की ठीक आहे, थांबला तर थांबला, विणकर बटण दाबेल, अर्धा मिनिट गेला. तसं नाहीये ते. लूम थांबला की वार्प ताणलेला राहतो, फेल (विणलेल्या कापडाची पुढची कड) जरा सरकतो, आणि परत चालू करताना पहिले एक दोन पिक वेगळ्या दाबाने ठोकले जातात, त्यातून कापडावर चालू-बंदची पट्टी उमटते. हलक्या वजनाच्या कापडावर, फिलामेंटवर, साटीनवर तर ती डाईंगनंतर आणखी ठळक दिसते. म्हणजे दोष नसताना दोष शोधायला गेलेल्या फीलरने स्वतः दोष तयार केला. कापड तपासायच्या फोर पॉइंट सिस्टीममध्ये ९ इंचाच्या वरचा दोष ४ पॉइंट खातो, आणि पट्टी तर पूर्ण पन्हाभर असते. चेकिंग टेबलवर बसलेल्या माणसाला हे कळत नाही की ही पट्टी खऱ्या स्टॉपची आहे की खोट्या, तो ४ लिहून मोकळा होतो.

आणि याच्या पुढचं नुकसान तर कुठे लिहिलंच जात नाही. एका विणकराकडे एवढे लूम असतात, एकच लूम सारखा सारखा वेफ्ट स्टॉपवर उभा राहायला लागला की तो जॉबरला (लूम दुरुस्त करणाऱ्याला) बोलावतो, जॉबर येतो, गेन वाढवतो, परत दोन तास बरं चालतं, परत सुरू. मग वैतागून कोणीतरी एच१ ची विंडो (धागा बघायची मुदत) मोठी करतं, किंवा गेन एवढा वाढवून ठेवतं की रीडची पाती चमकली तरी फीलरला धागा दिसतो. त्यानंतर स्टॉप एकदम बंद होतात. शिफ्टचा रिपोर्ट छान दिसतो, लाख पिकमागे स्टॉप खाली आले म्हणून सगळे खूश. आणि मग चेकिंग खात्यातून ठाणच्या ठाण शॉर्ट पिक निघायला लागतात. तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही की याचं मूळ त्या खोट्या स्टॉपमध्ये होतं. म्हणून मी म्हणतो की खोटे स्टॉप आणि सुटलेले दोष या दोन वेगळ्या तक्रारी नाहीतच, पहिलीतूनच दुसरी जन्माला येते.

हा नवीन फीलर इथे खरोखर उपयोगी पडला. कारण एकच, आकडा दिसतो. बॉक्सवर प्रत्येक पिकचा सिग्नल किती आला आणि रिकाम्या टनेलचा (रीडमधल्या धागा जायच्या खाचेचा), म्हणजे धागा नसताना रीडवरून परत येणारा प्रकाश किती, हे दोन्ही बघता येतं. जुन्या दिव्यात हे कळायचंच नाही, दिवा लागला म्हणजे लागला, काठावर लागला का भरपूर फरकाने लागला हे तुम्ही अंदाजानेच सांगायचं. आता कॉटनवर काम चालू असताना शिफ्टच्या सुरुवातीला धाग्याचा आकडा आणि रिकाम्याचा आकडा यात चांगलं अंतर असतं, आणि जसजशी रुई बसत जाते तसा धाग्याचा आकडा हळूहळू खाली येताना दिसतो. म्हणजे स्टॉप यायच्या आधीच कळतं की काच पुसायची वेळ झाली. विणकराला हे एकदा दाखवून दिलं की तो जॉबरची वाट बघत नाही, लूम बीमसाठी किंवा कशासाठी थांबलाच असेल तर स्वतःच पुसून घेतो. माझ्या मते या प्रॉडक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, बाकी माहितीपत्रकावर जे काय काय छापलंय ते सोडा.

पुसण्यावरून आठवलं, कोरड्या मऊ कापडानेच पुसा. थिनर किंवा तसलं काही लावू नका, खिडकी प्लास्टिकची असेल तर ती धुरकट होते आणि मग कितीही गेन द्या, आकडा वर येत नाही. तार, ब्लेड, पेचकस यांनी तर खरवडूच नका, साइझिंगचा (खळीचा) थर चिकटला असेल तर थोडा ओलसर कपडा पुरतो. आणि पुसूनही तासाभरात परत तेलकट थर दिसत असेल तर फीलरला दोष देऊ नका, हवा तपासा. कंप्रेसरमधून तेलाचा अंश येत असेल किंवा ड्रायर नीट काम करत नसेल तर ती हवा नोझलमधून थेट याच टनेलमध्ये जाते, काचेवर तेलाची बारीक फिल्म आणि तिच्यावर रुई, मग काय दिसणार त्याला.

गडद धाग्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण याच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सगळे म्हणतात काळा धागा फीलरला दिसत नाही. अर्धं खरं आहे ते. फीलर इन्फ्रारेडमध्ये बघतो, आपल्या डोळ्याने नाही. कॉटन काळ्या रंगात डाय केलेलं असेल तर बरेचसे डाय इन्फ्रारेड शोषतच नाहीत, त्यामुळे आपल्याला कुळकुळीत दिसणारा धागा फीलरला जवळजवळ पांढऱ्यासारखा दिसू शकतो. पण डोप डाईड पॉलिएस्टर असेल, म्हणजे ज्यात काळा रंग धागा ओढतानाच आत घातलेला असतो आणि तो कार्बन ब्लॅक असतो, तर तो इन्फ्रारेड खाऊन टाकतो, परत काही येतच नाही. म्हणून "ब्लॅकवर चालतो का" असं विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणार आणि त्याच्याकडचा नमुना डाय केलेला असणार. आपला स्वतःचा धाग्याचा कोन (ज्याच्यावर धागा गुंडाळलेला असतो तो) घेऊन जा आणि समोर आकडा बघा. आमच्याकडे या फीलरवर डाय केलेल्या काळ्या कॉटनला काहीच त्रास झाला नाही, पण डोप डाईड बारीक फिलामेंटवर धागा आणि रिकामा टनेल यातलं अंतर एवढं कमी होतं की मी तिथे याची शिफारस करणार नाही. त्या कामाला वेगळ्या प्रकारचा, जास्त ताकदीचा फीलर लागेल.

रंग बदलून पिक टाकायचे असतील, म्हणजे एक पांढरा एक काळा, तर याच्यात प्रत्येक नोझलसाठी लेव्हल वेगळी ठेवता येते, हे मस्त आहे. जुन्या फीलरवर एकच गेन, पांढऱ्याला जुळवला तर काळा सुटतो आणि काळ्याला जुळवला तर पांढऱ्याच्या वेळी रुईचा कण पण धागा म्हणून पास होतो. इथे ती ओढाताण संपली.

एच२ चा एक प्रकार सांगतो, कारण तो कुठल्याही फीलरवर होतो आणि शोधायला डोकं खातो. एका लूमवर एच२ चे स्टॉप येत होते, लांब पिक म्हणून. जॉबरने ड्रमचे वेढे मोजले, पिनची टायमिंग बघितली, सोलेनॉइड बदलला, काही फरक नाही. प्रत्येक वेळी लूम थांबला की पिक बघायचा, लांबी बरोबर. मग बॉक्सवर एच२ चा आकडा लावून नुसतं बघत बसलो तर दिसलं की आकडा एकदम उडी मारत नाहीये, हळूहळू वर चढतोय आणि मग स्टॉप येतोय. धागा तुटून आला असता तर एका पिकला झटक्यात वर जाऊन परत खाली आला असता. म्हणजे समोर काहीतरी साचतंय. टॉर्च लावून बघितलं तर कॅच कॉर्डच्या (धाग्याचं टोक पकडून ठेवणाऱ्या जादा दोऱ्यांच्या) बाजूच्या वेस्टमधून एक बारीक रुईची शेपटी सुटून एच२ च्या समोर लोंबत होती, हवेच्या प्रत्येक फटक्याला हलायची आणि वाढत जायची. वेस्ट ओढणारा रोलर थोडा ढिला होता, तो आवळला, विषय संपला. जुन्या दिव्यावर हे कळायला किती वेळ गेला असता माहिती नाही, आणि तोवर एच२ ची वायर कोणीतरी काढून ठेवली असती हे नक्की.

पोचण्याची वेळ दाखवायची सोय पण आहे, म्हणजे धागा किती डिग्रीला एच१ समोर आला ते. सुरुवातीला मला वाटलं हे शोभेचं आहे, पण रोज वापरायला लागल्यावर त्याची किंमत कळली. नवीन लूममध्ये ही सोय कंपनीचीच असते, काही लूम तर त्या वेळेवरून प्रेशर आपोआप जुळवतात. जुन्या लूमवाल्यांना मात्र हे पहिल्यांदाच बघायला मिळेल. एकाच वेफ्टला दोन फीडर लावून मिक्सिंग करत असाल तर फीडर एक आणि फीडर दोनची वेळ वेगवेगळी बघा. दोन्ही सारख्याच डिग्रीला पोचत असतील तर उत्तम. एक सारखा उशिरा येत असेल तर दोष त्या फीडरमध्ये, त्याच्या नोझलमध्ये, किंवा त्या कोनमध्ये. आणि दोन्ही उशिरा, शिवाय प्रत्येक पिकला वेळ इकडेतिकडे उड्या मारतेय, तर रिले नोझलकडे (वाटेत धाग्याला पुढे ढकलणाऱ्या नोझलकडे) जा. रिले नोझल तीन चार किंवा पाचच्या गटाने एका व्हॉल्व्हवर असतात, एक व्हॉल्व्ह सुस्त झाला की तेवढ्या पट्ट्यात धाग्याला ओढ कमी पडते, धागा तिथे लोंबतो आणि तिथेच वार्पला अडकतो. हे आधी कसं सोडवायचे, तर सगळं प्रेशर वाढवून. प्रेशर वाढवलं की शॉर्ट पिक कमी होतात हे खरं, पण कमजोर धागा मेन (सुरुवातीच्या) नोझललाच फाटायला लागतो, म्हणजे एच१ चा स्टॉप गेला आणि एच२ चा आला, वर हवेचं बिल. एअरजेटमध्ये विजेचा मोठा हिस्सा कंप्रेसरच खातो हे वेगळं सांगायला नको.

आता याला काय दिसत नाही ते. हे विक्रेता सांगणार नाही म्हणून मी सांगतो. फीलर फक्त उजव्या टोकाला बघतो, मधल्या सगळ्या पन्ह्यात काय झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. मध्ये धाग्याला लूप पडलाय पण लांबी थोडी जास्त असल्याने टोक पोचलंय, तर एच१ पास. धागा मध्ये तुटला आणि पुढचा तुकडा एच२ पर्यंत न जाता आधीच कॅच कॉर्डमध्ये अडकला, तर एच१ पण पास, एच२ पण पास, आणि कापडात भोक. हा प्रकार कमी होतो पण होतो, आणि कमी ट्विस्टच्या धाग्यावर जास्त होतो. डावीकडचा कटर धागा नीट कापत नसेल तर तो दोष पण कधी पकडला जातो कधी नाही, ते धागा कसा ओढला जातो त्याच्यावर आहे. स्लब, जाड-बारीक, चुकीच्या काउंटचा (जाडीचा) कोन लागला, यातलं काहीच याच्या कामाचं नाही. तेव्हा फीलर नवीन लावला म्हणून लूमवर फिरून कापड बघणं कमी करू नका. आता पूर्ण पन्हा बघणारे लूमवरचे कॅमेरे पण आलेत, पण तो वेगळा विषय आहे आणि कॅमेरा दोष झाल्यावर, कापड विणून झाल्यावर बघतो, फीलर त्याच फेऱ्यात थांबायचा सिग्नल देतो. दोघांचं काम वेगळं.

तक्रारींमध्ये पहिला नंबर केबलचा. डोकं स्लेवर बसतं, म्हणजे मिनिटाला ८०० वेळा ती केबल मागेपुढे वाकते. यांनी दिलेली केबल क्लॅम्पपाशी जिथे वाकते तिथे नीट रिलीफ (ताण झेलायची सोय) नाही, थोडी कडक पण आहे, आणि तिथेच आतली तार तुटते. वरचं कव्हर अखंड, आत तार तुटलेली, टोकं एकमेकांना टेकतात आणि सुटतात. याची खूण अशी की लूम हळू फिरवला, इंचिंग केलं, की सगळं व्यवस्थित, फुल स्पीडला गेला की एच१ स्टॉप, पुसा, गेन बदला, काही करा. शोधायची पद्धत सोपी आहे, लूम पूर्ण बंद करून टनेलमध्ये पातळ काडीला बांधलेला धागा धरायचा, आकडा स्थिर झाला की दुसऱ्या हाताने केबल क्लॅम्पपासून बोट बोट पुढे हलवत जायची. एका ठिकाणी आकडा एकदम शून्यावर पडतो आणि सोडली की परत वर येतो. सापडलं. हे आमच्याकडे एकापेक्षा जास्त डोक्यांवर झालं आणि कंपनीचं म्हणणं आलं की केबल वाकवून बसवली असेल. बसवायला त्यांचाच माणूस आला होता. शेवटी त्यांनी नवीन केबल दिल्या, पण बराच पाठपुरावा केल्यावर, आणि त्या पण त्याच जातीच्या. आता आम्ही क्लॅम्पच्या पुढे मोठा गोलाई देऊन आणि वर मऊ स्लीव्ह घालून बसवतो, तेव्हापासून बरं आहे. केबल डोक्यापासून वेगळी होत नाही ही पण एक अडचण, कनेक्टर डोक्याजवळ दिला असता तर पाच मिनिटांत बदलता आली असती.

दुसरी तक्रार मॅन्युअलची. कुठल्या पॅरामीटरने काय होतं हे एका ओळीत उरकलंय. फिल्टर नावाचं एक सेटिंग आहे, ते वाढवलं तर सिग्नल गुळगुळीत होतो पण त्याच्याबरोबर धाग्याचा छोटा सिग्नल पण दाबला जातो, हे कुठेच लिहिलेलं नाही. ९०० आरपीएमला १ डिग्री म्हणजे साधारण ०.१९ मिलिसेकंद, तिथे फिल्टर जरा जास्त झाला की पोचण्याची वेळ पण खोटी दाखवणार. ज्याला माहिती नाही तो नुसता स्टॉप बंद झाले म्हणून वाढवत जाईल, म्हणजे परत तेच, आंधळा फीलर, फक्त या वेळी डिजिटल. कंपनीने यावर मर्यादा घालायला हवी किंवा निदान पासवर्डच्या मागे ठेवायला हवं.

बसवताना आणखी एक काळजी. रीड बदलला की नवीन रीडच्या पात्या जास्त चमकतात, रिकाम्या टनेलचा आकडा वर जातो. तेव्हा धागा न घालता रिकामं टीचिंग (फीलरला रिकाम्याचा आकडा शिकवणं) परत करायचंच. आणि बसवून झाल्यावर विक्रेत्याच्या माणसाला "चालू झाला" एवढ्यावर जाऊ देऊ नका, त्याच्यासमोर दोष मुद्दाम घडवून बघा. एच१ साठी मेन नोझलचं प्रेशर थोडं थोडं कमी करत जा, पहिल्या शॉर्ट पिकलाच स्टॉप लागला पाहिजे, आणखी पिक आत गेल्यावर नाही. एच२ साठी फीडरला एक वेढा जास्त सोडायचं सेटिंग द्या, लांब पिक एच२ वर आला की थांबला पाहिजे. चालू लूममध्ये हाताने धागा धरून किंवा टनेलमध्ये काही घालून टेस्ट करायचा उद्योग कोणी करू नका, स्लेला बोट ओळखता येत नाही. ही टेस्ट कापडाच्या प्रत्येक मोठ्या क्वालिटी बदलाला परत करावी, वेळ फार लागत नाही.

जुन्या फीलरशी तुलना करायची तर कॉटन आणि पॉलिएस्टर कॉटनच्या नेहमीच्या काउंटवर फरक स्पष्ट आहे, विणकर स्वतः सांगतात. साध्या पांढऱ्या वेफ्टवर, स्वच्छ शेडमध्ये, तुमचा जुना फीलर नीट चालत असेल तर बदलायची गरज नाही, त्यापेक्षा हवेचा एक फिल्टर आणि ड्रायर बघून घ्या. रंगीत वेफ्ट, सारखी क्वालिटी बदल, रुई जास्त, आणि लाख पिकमागे वेफ्ट स्टॉपमधले निम्मे तरी विनाकारण वाटत असतील तर घ्या. हे विनाकारण ओळखायचं असेल तर एका शिफ्टला विणकराला सांगा की प्रत्येक वेफ्ट स्टॉपला बटण दाबायच्या आधी पिक बघायचा आणि पिक पूर्ण होता की नव्हता एवढंच पाटीवर लिहायचं. ८०० आरपीएमला लाख पिक व्हायला सव्वादोन तास पण लागत नाहीत, तेव्हा एका शिफ्टमध्ये चित्र समोर येतं.

ऑर्डर देताना रीडच्या टनेलचं प्रोफाइल, लूमचं मॉडेल आणि कंट्रोल कार्डला सिग्नल कुठल्या प्रकारचा लागतो हे लेखी कळवा, कारण डोकं बसलं पण कार्डला सिग्नल समजेना असं होऊ शकतं. आणि प्रत्येक पाच सहा लूममागे एक डोकं केबलसकट जास्तीचं मागवून ठेवा, सर्व्हिसवाला येईपर्यंत लूम उभा ठेवायला परवडत नाही.